जादा साखळ्यांचा ताबा

वसाहतीने झाडं कापायला इंजिनवर चालणारी साखळीची करवत घ्यावी, ही सूचना ग्रंथपालांचीच होती. त्यामुळे पुढे जे काही झालं त्याबद्दल तोंड उघडायची त्यांना सोय उरली नाही. अर्थात सोय नाही म्हणून माणूस गप्प बसतो असं थोडंच आहे.

सूचनेमागचं कारण घरातलंच होतं. ग्रंथपालांचे सासरे त्यांच्याकडे राहत. सासरे शिंपी. चाळीस वर्षं मशीन चालवलं आणि मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू धरला. आधी सुईत दोरा जाईना, मग सुई दिसेना, शेवटी मशीनच धूसर झालं. गेली दोन वर्षं ते मशीन खिडकीखाली पांघरूण घेऊन पडलं होतं. इस्पितळाने ऑपरेशनची तारीख दिली आणि नेमकी त्याच पहाटे वादळात रस्त्यावरची एक निलगिरी आडवी झाली. वसाहत टेकडीवर, खाली उतरायला रस्ता एकच, त्याच्या एका अंगाला दरड आणि दुसऱ्या अंगाला खोल ओघळ. न दिसणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला फांद्यांवरून चढवून नेणार कोण? तोडणारी माणसं दुसऱ्या दिवशी आली. डोळ्यांचे मोठे डॉक्टर बाहेरून येणारे, त्यांची पुढची तारीख मिळाली ती चार महिन्यांनंतरची. सासरे एवढंच म्हणाले, "चार महिने काय, जातील." आणि मशीनवरच्या पांघरुणाची सुरकुती हाताने सपाट करत बसले. ग्रंथपालांना ते बघवलं नाही. त्यांनी सभा बोलवायला लावली.

करवत घ्यायची यावर सभेत चटकन एकमत झालं. ती ठेवायची कुणाकडे, यावर मात्र दोन तास गेले. ज्याच्या घरात करवत तो आधी आपल्या खिडकीसमोरचं झाड उडवणार, याबद्दल प्रत्येकाला दुसऱ्याविषयी खात्री होती. सेक्रेटरी बँकेतून निवृत्त झालेले. तिथे तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे असत. इथे त्यांनी त्या पद्धतीत सुधारणा केली. करवत तळमजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरकडे, पेट्रोलचा डबा वॉचमनकडे, साखळी बसवायचा पाना खुद्द सेक्रेटरींकडे, आणि जादा साखळ्या ग्रंथपालांकडे. म्हणजे चौघं एकत्र आल्याशिवाय कुणाला एक काटकीही कापता येऊ नये. ठराव झाला, टाळ्या झाल्या. ज्याची सूचना त्याला साखळ्या, आणि जो सभेला अर्धा तास उशिरा आला त्या इंजिनिअरला करवत, ही गोष्ट ग्रंथपालांच्या मनाला लागली. पण ताबा म्हणजे ताबा. एकदा स्वीकारला की तो नीट सांभाळायचा, हा त्यांचा बाणा.

तीन साखळ्या तीन खोक्यांतून आल्या. आत काय आहे हे पाहिल्याशिवाय पोचपावतीवर सही करणं त्यांच्या तत्त्वात बसत नसल्यामुळे त्यांनी जेवणाच्या टेबलावर पहिलं खोकं उघडलं. तळहाताएवढ्या खोक्यातून हातभर वेटोळं उसळून बाहेर आलं आणि टेबलभर पसरलं. दर दोन कड्यांमागे एक दात, आणि दात नुसता बोट लावलं तरी चावणारा. ती पुन्हा खोक्यात घालायचा प्रयत्न त्यांनी पाऊण तास केला. एक वळसा आत घातला की दुसरा बाहेर. शेवटी तिन्ही साखळ्या टेबलावर, तिन्ही खोकी फाटलेली आणि ग्रंथपालांच्या चार बोटांना पट्ट्या, अशी स्थिती झाली.

"खुंटीवर टांगा," सासरे कोपऱ्यातून म्हणाले. "मी टेप टांगत होतो तसं. लांब वस्तू टांगलेली बरी, तिला दुमडलं की ती रुसते."

ग्रंथपालांनी सासऱ्यांच्या वयाचा मान राखून मान डोलावली आणि साखळ्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या. वस्तूला बंद जागा आणि जागेला क्रमांक हवा, हे ज्याने तीस वर्षं लोकांना शिकवलं तो माणूस खिळ्याला साखळ्या अडकवणार? दोन दिवसांनी त्यांच्या बायकोने बटण शोधायला त्याच ड्रॉवरमध्ये हात घातला. नंतर ती जे बोलली त्यातलं इथे सांगण्याजोगं एवढंच, की घरात एक तर साखळ्या राहतील किंवा ती राहील. साखळ्यांचा ठराव झालेला होता, तिचा नव्हता, हे ग्रंथपालांच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते तिथेच ठेवलं. त्यांना तेवढी समज होती.

मग सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरच्या दंतवैद्यबाईंचं म्हणणं, धारदार वस्तू एकेक वेगळी, हवाबंद. इंजिनिअरचं म्हणणं, हवाबंद वगैरे काही नको, तेलात बुडवून ठेवा, गंज चढणार नाही. कुठलं तेल, असं विचारल्यावर इंजिनिअर, ज्यांनी आपल्या खात्यात लेखी आदेशाशिवाय कधी नळाचा वॉशरही बदलला नव्हता, हात झटकून म्हणाले, "तेल म्हणजे तेल." ग्रंथपालांनी दोघांचाही मान राखला. स्वयंपाकघरातला झाकणाचा डबा घेतला, त्यात तिन्ही साखळ्या ठेवल्या, वरून सूर्यफुलाचं तेल ओतलं आणि डबा गच्चीच्या जिन्याखाली, जिथे दुपारचं ऊन येतं तिथे, क्रमांक घालून ठेवून दिला.

पाच आठवड्यांनी डबा उघडला तेव्हा पहिल्यांदा मुंग्या बाहेर आल्या. त्यांच्यामागून वास आला. तेल आटून त्याचा पिवळट डिंक झाला होता आणि तिन्ही साखळ्या एकमेकींना धरून एक अखंड कडं होऊन बसल्या होत्या. ग्रंथपालांनी ते कडं उचललं तर डबाही सोबत आला. तो डबा बायकोच्या आवडत्या तीन डब्यांपैकी एक होता, हे त्यांना त्याच संध्याकाळी समजलं.

हा चिकटा पेट्रोलनेच निघेल, असं सर्वांचं मत पडलं. पेट्रोल वॉचमनच्या ताब्यात. वॉचमन म्हणाला, साहेब, माझी ना नाही, पण सेक्रेटरी साहेबांची चिठ्ठी आणा. सेक्रेटरी म्हणाले, पेट्रोल करवत चालवण्यासाठी आहे, साखळ्या धुण्यासाठी नाही. उद्देशात बदल करायचा तर अर्ज करा. अर्जात नुकसानीचं कारण लिहायला एक रकाना होता. ग्रंथपालांनी त्यात 'हवामान' असं लिहिलं. अर्ज परत आला. शेऱ्यात लिहिलं होतं, कृपया खुलासा करावा. नऊ दिवस हा पत्रव्यवहार चालला आणि या नऊ दिवसांत डबा जिन्याखालून दाराबाहेर आणि दाराबाहेरून सायकलच्या टोपलीत गेला, कारण कुठल्याच मजल्याला तो नको होता. शेवटी मिळालं अर्धा पेला पेट्रोल, तेही तिघांच्या सह्यांवर. त्या अर्ध्या पेल्यात जुन्या टूथब्रशने एकेक दात घासत ग्रंथपाल अंगणात बसले असताना दंतवैद्यबाई जाता जाता थांबल्या आणि म्हणाल्या, ब्रश वरून खाली फिरवा, आडवा नको. त्या गंमत करत होत्या की सवयीने बोलत होत्या, हे ग्रंथपालांना अजून ठरवता आलेलं नाही.

सुकलेल्या साखळ्यांवर दुसऱ्या दिवशी तांबूस छटा दिसायला लागली. तेव्हा सासरे उठले, चाचपत मशीनपाशी गेले आणि ड्रॉवरमधून चोचीची छोटी तेलदाणी घेऊन आले. "मशीनचं तेल. हे चिकटत नाही," म्हणाले. साखळी मांडीवरच्या फडक्यावर घेऊन ते एकेका कडीवर थेंब सोडत गेले आणि अंगठा फिरवत गेले. ग्रंथपाल दहा वेळा म्हणाले, बाबा, हात कापेल. दात घासताना त्यांच्या चार बोटांना पुन्हा पट्ट्या लागल्या होत्या. सासऱ्यांच्या अंगठ्याला ओरखडाही आला नाही.

"याला लव आहे हो," सासरे मध्येच म्हणाले. "मखमलीला असते तशी."

ग्रंथपाल तेव्हा लेबलांसाठी कागद कापत होते. त्यांनी नुसतं हं म्हटलं.

एवढ्या सगळ्यातून गेलेल्या साखळ्या अजून कामाच्या आहेत का, हे एकदा जाणकाराला दाखवायला हवं होतं. तसं दुकान त्यांच्या कॉलेजासमोर. त्यांनी तिन्ही साखळ्या कापडी पिशवीत घातल्या आणि बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसले. तिसऱ्या थांब्यापर्यंत साखळ्यांनी पिशवी कापली, पाचव्या थांब्यापर्यंत पँट, आणि सहाव्या थांब्यावर ग्रंथपाल 'अगं आई' म्हणत उभे राहिले तेव्हा शेजारची बाई जागा बदलून पुढे जाऊन बसली. नवी, करड्या रंगाची पँट, उजव्या मांडीवर वीतभर फाटलेली. दुकान अजून उघडलेलं नव्हतं. म्हणून ते फाटक्या मांडीवर वर्तमानपत्र धरून कॉलेजच्या दाराशी गेले, तर रखवालदाराने अडवलं. दाराशी पाटी होती: धारदार वस्तू आत नेण्यास सक्त मनाई आहे, कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.

"साहेब, पाटी तुमचीच आहे," रखवालदार हळू आवाजात म्हणाला.

पाटी खरोखरच त्यांची होती. त्यातलं 'कोणतीही सबब' हे तर त्यांनी खास आग्रहाने घालून घेतलं होतं. त्यांनी साखळ्या जमा केल्या, वहीत 'वस्तू आणण्याचे प्रयोजन' लिहिलं, सतरा नंबरचा बिल्ला घेतला आणि दिवसभर काउंटरमागून बाहेर न येता काम केलं. संध्याकाळी दुकानदाराने साखळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि सांगितलं की काही बिघडलेलं नाही, फक्त यापुढे तळू नका.

फाटलेली पँट बायकोने मशीनवर नेऊन ठेवली. तिला रफू येत नव्हतं असं नाही, पण बाप घरात असताना तिने कधी कपड्याला सुई लावलेली नव्हती. सासऱ्यांनी फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं, कडा जुळवून पाहिल्या आणि घडी घालून ठेवली. "दिसायला लागलं की करतो," म्हणाले. ऑपरेशनला तीन आठवडे होते.

आता ग्रंथपाल इरेला पेटले. पिशवीने दगा दिला, डब्याने दगा दिला, तेव्हा साखळ्यांसाठी स्वतंत्र, मजबूत, खांद्याला अडकवता येईल असा म्यानासारखा कप्पा शिवायचं त्यांनी ठरवलं. जुन्या तंबूचं जाड कापड मिळालं. सासरे दुपारी झोपलेत असं पाहून त्यांनी मशीनवरचं पांघरूण काढलं. पहिली सुई दुसऱ्या टाक्याला मोडली. दुसरी सुई मोडली तेव्हा आतून सासऱ्यांचा आवाज आला, "कापड ढकलू नका, जावईबापू. ते आपलं आपण जातं." ग्रंथपालांनी ओशाळून पाय थांबवले. आतून पुन्हा आवाज आला, "चालू दे. ऐकायला बरं वाटतंय."

कप्पा झाला. तीन खण, प्रत्येकाला झाकण, झाकणाला बंद. शिवण कुठे कुठे वळणं घेत गेली होती, पण काम पक्कं होतं. आणि मग त्यांनी आपल्या खऱ्या कसबाचं काम केलं: प्रत्येक साखळीला दोऱ्याने एक लेबल. त्यावर सुवाच्य अक्षरात क्रमांक, दाखल केल्याची तारीख, आणि साखळी करवतीवर कुठल्या दिशेने बसवायची हे दाखवणारा लाल बाण. दिशा त्यांनी पुस्तिकेतल्या चित्रावरून घेतली. चित्रातल्या करवतीचं तोंड डावीकडे होतं आणि त्यांनी टेबलावर साखळी मांडली ती उजवीकडे तोंड करून. पण ही गोष्ट त्या वेळी कुणाच्या ध्यानात आली नाही. तिन्ही बाण अचूक एकाच दिशेला होते, कारण त्यांच्या कामात सातत्य होतं. सासऱ्यांनी विचारलं, एकदा हात लावून बघू का? ते म्हणाले, बाबा, आता गरज नाही, सगळं लिहिलंय.

ऑपरेशनच्या दिवशी पहाटे पुन्हा वादळ झालं आणि दुसरी निलगिरी पडली. इस्पितळाच्या तारखा वादळाला कोण कळवत होतं कोण जाणे. अकराच्या आत पोचायचं होतं. सात वाजता सगळी वसाहत रस्त्यावर होती. इंजिनिअर हेल्मेट घालून आले. वॉचमनने डबा आणला. सेक्रेटरींनी पाना बंद पाकिटातून आणला आणि पाकीट फोडण्यापूर्वी चौघांच्या सह्या घेतल्या. खांद्याला कप्पा लावून ग्रंथपाल उभे होते. त्यांच्यामागे बायको, आणि तिच्या हाताला धरून, इस्त्रीचा शर्ट घालून, इस्पितळाची फाइल छातीशी धरलेले सासरे.

करवत सुरू झाली. इंजिनिअरनी वरच्या फांद्या झटक्यात उडवल्या, लोकांनी वाहवा केली, त्या वाहवेने त्यांना जोर चढला आणि त्यांनी करवत बुंध्याखालच्या खडीत घातली. ठिणग्या उडाल्या. दुकानातून बसवून आलेली ती साखळी तिथेच बोथट झाली. इंजिनिअर मागे वळून म्हणाले, "जादा साखळी."

तीन महिने ग्रंथपाल याच शब्दाची वाट पाहत होते. त्यांनी झाकणाचा बंद सोडला आणि पहिली साखळी लेबलासकट पुढे केली. इंजिनिअरनी आयुष्यात साखळी बसवलेली नव्हती, पण लेखी सूचना होती, म्हटल्यावर त्यांना हायसं वाटलं. बाणाप्रमाणे त्यांनी ती बसवली. करवत बुंध्यावर ठेवली तशी किंचाळली, धूर निघाला, आणि बुंध्यावर एक काळा पट्टा उमटला. बुंधा होता तसाच. दहा मिनिटं रेटून झालं. दुसरी साखळी बसवली. दुसरा काळा पट्टा. नऊ वाजून गेले.

"साखळ्या मेल्यात," इंजिनिअर घाम पुसत म्हणाले. "तळल्यावर दुसरं काय होणार."

गर्दी ग्रंथपालांकडे बघायला लागली. दंतवैद्यबाई हळहळल्या. सेक्रेटरींनी वहीत काहीतरी टिपून घेतलं. तेल म्हणजे तेल असं कोण म्हणालं होतं, हे सांगायला ग्रंथपालांनी तोंड उघडलं, पण त्यांची नजर बायकोकडे गेली. ती नुसती बापाच्या शर्टाची बाही नीट करत होती. ते त्यांना सगळ्यांत जास्त लागलं. आणखी चार महिने, आणि या वेळी कारण आपण. त्यांनी तिसरी साखळी काढली.

"ती माझ्या हातात द्या," सासरे म्हणाले.

कुणीतरी म्हणालं, आजोबांना नका देऊ, कापेल. सासऱ्यांनी फाइल मुलीकडे दिली, साखळी घेतली, तिच्यावरून एकदा इकडून आणि एकदा तिकडून अंगठा फिरवला. मग पुढे होऊन करवतीवरची साखळी चाचपली.

"लव उलटी लागलीय, जावईबापू."

"म्हणजे?"

"मखमल कशी, एका अंगाने हात फिरवला की गुळगुळीत, दुसऱ्या अंगाने फिरवला की धरते. धरते ती बाजू लाकडाला जायला हवी. तुम्ही मघापासून गुळगुळीत बाजूने घासताय. फिरवून बसवा."

इंजिनिअर म्हणाले, पण लेबलवरचा बाण स्पष्ट आहे. सेक्रेटरींनीही बाण पाहिला आणि स्पष्ट असल्याचं मान्य केलं.

"बाण मला दिसत नाही," सासरे म्हणाले. "दात लागतात."

सेक्रेटरी म्हणत होते की असं असेल तर आधी लेबलात दुरुस्ती करून त्यावर तारीख घालणं योग्य ठरेल. ग्रंथपालांनी तीस वर्षांच्या नोकरीत कधी केलं नव्हतं ते केलं, लेबल दोऱ्यासकट ओरबाडून काढलं, त्याचा बोळा करून ओघळात फेकला आणि म्हणाले, "बाबा सांगतात तशी बसवा."

साखळी उलटी फिरवून बसवली. करवत बुंध्याला लागली आणि लाकडाचा भुसा पिवळ्या धारेने इंजिनिअरच्या बुटांवर पडायला लागला. सासऱ्यांनी तो आवाज ऐकला आणि फाइल परत मागून घेतली. दहा वाजता बुंध्याचे तीन तुकडे झाले, वीस जणांनी मधला भाग ढकलून कडेला लावला, आणि अकराला दहा कमी असताना सासरे इस्पितळात खुर्चीवर बसले होते. ग्रंथपालांच्या केसांत भुसा होता. तो तसाच घेऊन ते बाहेर बाकावर बसले, आणि आपल्याला रडू येतंय की काय असं वाटून त्यांनी भिंतीवरच्या सूचना दोनदा वाचून काढल्या.

पट्टी निघाली. मुलगी पुढे बसलेली, तिला वाटलं बाबा पहिल्यांदा माझ्याकडे बघतील. बाबांनी तो कप्पा आणायला सांगितला. खिडकीपाशी नेऊन शिवण न्याहाळली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, कुठलीही वळणं न चुकवता. मग आतल्या पहिल्या साखळीला परत बांधून ठेवलेलं लेबल आणि त्यावरचा लाल बाण पाहिला.

"अक्षर मात्र सुंदर आहे," ते म्हणाले.

सभेच्या इतिवृत्तात 'लेबलातील त्रुटीमुळे एक तास विलंब' अशी नोंद झाली आणि जादा साखळ्यांचा ताबा ग्रंथपालांकडून काढून त्यांच्या सासऱ्यांकडे देण्यात आला. त्यांनी खिळा ठोकून साखळ्या टांगल्या, टेपच्या शेजारी. ग्रंथपालांनी ठरावाविरुद्ध मत नोंदवलं. ताब्याचा प्रश्न नाही, म्हणाले, पद्धतीचा आहे.

पुढच्या सोमवारी कपाटात ती करडी पँट इस्त्री होऊन आली होती. ग्रंथपाल ती घालून आरशासमोर उभे राहिले. उजवी मांडी पाहिली, मग शंका येऊन डावी पाहिली, मग चष्मा लावून पुन्हा उजवी पाहिली. फाटलेलं कुठेच नव्हतं. शेजारच्या खोलीत मशीन चालू होतं, बिल्डिंगमधल्या कुणाचा तरी पडदा होता. विचारायला जाणं त्यांना कमीपणाचं वाटलं. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा मांडीवरून हळूच फिरवला, एकदा इकडून, एकदा तिकडून. तिथे होती शिवण.